डिस्ट्रिब्युटर ड्राइव्हचा बिघाड (जुनी पेट्रोल इंजिने)

डिस्ट्रिब्युटरला इंजिनाकडून फिरवणारी जोडणी तुटणे, झिजणे किंवा सरकणे. ही फिरकी कॅमशाफ्टवरच्या तिरप्या दातांच्या गिअरवरून मिळते आणि डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर ६,००० ठिणग्या या बोटभर जाडीच्या शाफ्टच्या भरवशावर पडतात.

कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी (लोकांच्या तोंडी अजून ‘फियाट’च), अ‍ॅम्बॅसेडर आणि महिंद्राची पेट्रोल जीप या तिन्ही गाड्यांत ही रचना आढळते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीला ५० वर्षे झालेली गाडी ‘व्हिंटेज’ ठरते. १९७४ साली ‘पद्मिनी’ हे नाव घेतलेल्या सुरुवातीच्या गाड्या आता त्या वयाच्या झाल्या आहेत.

वसई-विरारसारख्या भागात हवा खारी आणि पावसाळा भरभक्कम. त्यामुळे गाडी बंद पडली की पहिला संशय ओलाव्यावर जातो, कॅप पुसली जाते, पॉइंट घासले जातात. बहुतेक वेळा ते बरोबरही असते. पण ओलाव्याने बसलेली गाडी आधी अडखळते, आचके देते आणि कॅप कोरडी केली की पुन्हा चालते. ड्राइव्ह तुटलेले इंजिन मात्र चाललेले असतानाच, चावी फिरवल्यासारखे एकदम थांबते. मग सेल्फ कितीही मारा, साधा फटकाही येत नाही. ड्राइव्ह तुटला नसून टायमिंग सरकले असेल, तर कार्बोरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फटके येतात.

खरी परीक्षा दोन मिनिटांची आहे आणि ती पॉइंटला हात लावण्याआधी करावी. इग्निशन बंद ठेवून कॅपच्या क्लिपा सोडाव्यात, एकाने हँडल हळू फिरवावे, दुसऱ्याने रोटरवर नजर ठेवावी. रोटर जागचा हलत नसेल तर टॅपेट कव्हर उघडावे. रॉकरही स्तब्ध असतील तर दोष टायमिंग चेनचा, जीपमध्ये टायमिंग गिअरचा. रॉकर हलतात आणि रोटर उभा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचाच ड्राइव्ह गेला. जीपमध्ये डिस्ट्रिब्युटर ऑइल पंपाच्या शाफ्टवरून फिरतो, म्हणून तिथे ऑइलचा काटाही साक्ष देतो: सेल्फ मारताना प्रेशर चढले तर गिअर शाबूत आहे, शाफ्टच्या टोकाची जीभ किंवा पिन तुटली आहे; काटाही मेलेला असेल तर गिअर गेला.

रोटर फिरत असेल तरी निःशंक होऊ नये. तो बोटांनी पिळून पाहावा. थोडा जाऊन स्प्रिंगने परत आला तर ते अ‍ॅडव्हान्सचे वजन, ते योग्यच. हातात गरगर फिरला तर पिन कापली गेली. शाफ्ट आडवा हलत असेल तर बुश झिजले आहे. मग पॉइंटचे सुमारे ०.४ मिमीचे अंतर प्रत्येक फेऱ्यात बदलते आणि टायमिंग लाइटखाली खूण नाचते.

पिन किंवा गिअर हा सहसा बळी असतो, मूळ दोष दुसरीकडे. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत शाफ्ट बुशमध्ये जाम होतो, किंवा ऑइल पंपात कचरा अडकतो. हा मूळ दोष शोधल्याशिवाय नवा भाग बसवला तर तोही जाईल. पिनेच्या जागी खिळा ठोकण्याची घाईची युक्ती सर्वांत घातक: पुढच्या वेळी शाफ्ट अडकला की खिळा टिकतो आणि गिअरचे दात जातात.

बसवताना पुलीवरच्या खुणेवर विसंबू नये, कारण चार स्ट्रोकच्या एका चक्रात ती खूण दोनदा समोर येते. एक नंबरचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेवावा. हँडल फिरवताना अंगठा आतल्या हवेने उचलला गेला, की तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक. मग पुली खुणेवर आणावी. गिअरचे दात तिरपे असल्याने आत जाताना शाफ्ट थोडा वळतो, तेवढा अंदाज आधीच मागे धरावा लागतो. वायरी १-३-४-२ या क्रमाने, रोटर ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने लावाव्यात. अ‍ॅम्बॅसेडर आणि जीप या दोन्हींत शाफ्टच्या जोडणीची खाच मध्याच्या एका बाजूला असते, म्हणून डिस्ट्रिब्युटर उलटा बसत नाही. पण खालचा शाफ्टच अर्धा फेरा चुकला असेल, तर ही सोय कामाला येत नाही.

गिअरचे दात तुटले असतील तर सम्प उतरवून तुकडे कागदावर मांडावेत आणि गिअरवरच्या रिकाम्या जागांशी एकेक ताडून पाहावेत. शेवटचा तुकडा हाती येईपर्यंत सम्प परत चढवू नये.