भर उन्हातला फ्लॅश

जुन्या अल्बममधले दुपारच्या मुहूर्ताचे फोटो काढून पाहा. शालूची जर नीट उमटलेली असते, पण ऊन डोक्यावर असल्याने भुवयांखाली नुसता काळोख. ज्या बायकांनी डोक्यावरून पदर घेतलाय, त्यांचे तर अर्धे तोंडच गेलेले. आपल्या डोळ्याला सावलीतलेही दिसते. फिल्मला एवढी तफावत एका वेळी पेलत नाही. उपाय एकच, सावलीत थोडा उजेड भरायचा. हे काम महागड्या कॅमेऱ्यापेक्षा खिशातल्या कॅमेऱ्याला सोपे होते, हे सहसा कोणी सांगत नाही.

फ्लॅश जन्मला तो अंधारासाठी. १८८७ साली जर्मनीत मीथे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची पेटणारी भुकटी तयार केली आणि जेकब रीस याने ती न्यूयॉर्कमधल्या गरिबांच्या कोंदट खोल्यांत नेली. पुढे बल्ब आले, मग इलेक्ट्रॉनिक फ्लॅश. दिवसा मात्र खरी अडचण शटरची होती.

त्या काळच्या एसएलआरमध्ये फिल्मपुढून कापडी पडदा सरकतो. वेग वाढवला की पडद्यातली फट अरुंद होते आणि फ्लॅशचा क्षणिक उजेड फिल्मच्या एका पट्टीवरच पडतो. म्हणून असे बरेच कॅमेरे फ्लॅशसाठी १/६० सेकंदावर अडकलेले. छोट्या कॅमेऱ्याचे शटर भिंगापाशी, पाकळ्यांचे. ते कोणत्याही वेगाला पुरते उघडते.

हिशेब करू. फिल्म १०० एएसए, ऊन लख्ख, फ्लॅशचा गाइड नंबर १४. १/६० ला छिद्र एफ २२ पर्यंत मिटवावे लागते. १४ भागिले २२, म्हणजे पल्ला जेमतेम ६४ सेंटिमीटर. १/५०० ला एफ ८ चालते, पल्ला पावणेदोन मीटर. त्यात भरीचा उजेड उन्हाच्या निम्मा असला तरी पुरतो, म्हणजे अडीच मीटरपर्यंत निभावते. तेवढ्यात नवरा-नवरी, शिवाय करवलीही मावते!

१९६६ चा रोलाय ३५ असाच, १/५०० पर्यंत फ्लॅश घेणारा. त्याची फ्लॅशची खाच मात्र बुडाशी. कॅमेरा उलटा धरला नाही तर उजेड हनुवटीखालून येई. रात्री त्याने माणूस भुतासारखा दिसे. पण पदराखालच्या सावलीसाठी खालून आलेला उजेड उत्तमच.

फ्लॅश कॅमेऱ्यातच बसवायचा प्रयत्न फोइग्टलेंडर कंपनीने १९६४ मध्ये व्हिट्रोना काढून केला. बॅटरीसाठी खाली वेगळी मूठ लागे. तो चालला नाही. १९७५ च्या कोनिका सी३५ ईएफला ते साधले. जपानमध्ये त्याचे नावच 'पिक्कारी', लखकन चमकणारा, असे पडले.

मार्टिन पार याने १९८३ ते १९८५ या काळात लिव्हरपूलजवळच्या न्यू ब्रायटनला भर दिवसा फ्लॅश मारून सुट्टीवर आलेली कष्टकरी कुटुंबे टिपली. त्याचा प्लाउबेल माकिना मोठ्या फिल्मचा, पण शटर पाकळ्यांचेच. १९८६ मध्ये 'द लास्ट रिसॉर्ट' हे पुस्तक निघाले तेव्हा काहींना ती चित्रे निर्दय वाटली. मला तसे वाटत नाही. त्या गर्दीतला एकही चेहरा त्याने सावलीत टाकून दिलेला नाही.

आपल्याकडे घरोघरी ऑटोमॅटिक कॅमेरे आले आणि गंमत झाली. उजेड भरपूर आहे असे ठरवून यंत्र उन्हात फ्लॅश पेटवेचना. ज्या मॉडेलांत विजेच्या बाणाचे बटण होते, त्यांत तो हट्टाने पेटवता येई. ते बटण बहुतेकांनी रात्रीसाठीच समजून दाबले.