चाऊसांचा जंबिया

आमच्या परभणीकडे अरबांना चाऊस म्हणतात. त्यांचे पूर्वज येमेनमधल्या हद्रमौतहून आले, निजामाच्या फौजेत राहिले, मराठवाड्यातच रुजले. कमरपट्ट्यातला वाकडा, दुधारी जंबिया हत्यारापेक्षा इभ्रतीची खूण होती.

१७ सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन संपली, निजामाने शरणागती पत्करली. इभ्रतीची तीच वस्तू घरात ठेवायची भीती वाटू लागली. आमच्या घरचा जंबिया पुढे विकला गेला. म्यानाची चांदी सराफाने तोलून घेतली, पातं भंगारात गेलं.

हळहळ चांदीची नाही. तो कुणी आणला, कुणाकडून कुणाकडे आला, ही हकिकतही त्याच्याबरोबर गेली. तुमच्याकडे असं काही उरलं असेल, तर विकण्याआधी वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवा. आपला इतिहास अशा वस्तूंतही आहे.