बार्बाडोस : बेट, ऊस आणि मंडळीचा हिशेब



२९ जून २०२४ च्या रात्री आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी टीव्ही उशिरापर्यंत चालू होता. भारताने ट्वेन्टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकला आणि रोहित शर्माने खेळपट्टीवरचे गवत उचलून तोंडात घातले. ते मैदान बार्बाडोस बेटावरचे, ब्रिजटाउनचे केन्सिंग्टन ओव्हल. क्रिकेटमुळे हे नाव आपल्या तोंडी आले, ते बरेच झाले. पण या बेटाशी मराठी मंडळ्यांचे आणखी एक जुने नाते आहे, आणि ते सांगताना मान थोडी खाली घालावी लागते.

बेट अगदी लहान. क्षेत्रफळ सुमारे ४३० चौरस किलोमीटर, लांबी ३४ आणि रुंदी फार तर २३ किलोमीटर. कॅरिबियन बेटांच्या रांगेत ते सर्वांत पूर्वेला आहे. पश्चिमेचा किनारा शांत, पोवळ्याच्या पांढऱ्या वाळूचा. मोठी हॉटेले तिथेच आहेत. पूर्वेला मात्र अटलांटिक महासागर थेट येऊन आदळतो. तिथून सरळ पूर्वेला निघाले तर पुढची जमीन आफ्रिकेची. या पूर्व किनाऱ्यावर एका गावाचे नाव आहे बथशेबा. मोठमोठ्या शिळांवर लाटा फुटतात, पांढरा फेस उसळतो, आणि दुधाने न्हाणाऱ्या बथशेबेची आठवण म्हणून हे नाव पडले असे स्थानिक लोक सांगतात. आपल्याला मात्र हे नाव ऐकून नाथान संदेष्टा आठवतो. राजासमोर उभे राहून त्याने श्रीमंत माणसाची आणि गरिबाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगितली होती. पुढचे वाचताना ती गोष्ट मनात असू द्या.

इंग्रजांची वसाहत १६२७ मध्ये पश्चिम किनाऱ्यावर, आजच्या होलटाउनला सुरू झाली. तिथले सेंट जेम्स चर्च बेटावरच्या सर्वांत जुन्या मंडळ्यांपैकी एक आहे. १६९६ सालची, राजा विल्यमच्या नावाची घंटा तिथे जपून ठेवली आहे. पुढे बेटाचे अकरा पॅरिश झाले आणि आजही पत्ता सांगताना लोक पॅरिशचे नाव सांगतात. म्हणजे आपण तालुका म्हणतो तिथे ते पॅरिश म्हणतात! चर्च आणि राज्यकारभार किती एकमेकांत मिसळले होते ते एवढ्यावरूनच कळावे.

१६४० नंतर ऊस आला आणि सगळे पालटले. साखरेला युरोपात सोन्याचा भाव होता. ऊस तोडायला, गाळायला, उकळायला माणसे हवी होती, ती आफ्रिकेतून जहाजे भरभरून आणली गेली. १६६१ मध्ये गुलामांसाठी कायदा झाला. त्याने मालकाला शिक्षेची जवळजवळ मोकळीक दिली, आणि जमैकासारख्या इतर वसाहतींनी तोच नमुना उचलला. आता प्रश्न आला सुवार्तेचा. बाप्तिस्मा दिला तर हा आपला भाऊ होणार, मग त्याला बेडी कशी घालायची? मळेवाल्यांना हीच भीती होती. क्वेकर लोक गुलामांना आपल्या सभांना आणू लागले, तेव्हा १६७६ मध्ये ते बंद करणारा कायदाच झाला.

आता त्या नात्याकडे येऊ. क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन या बेटावर जन्मला, ऑक्सफर्डला शिकला, पुढे लीवर्ड बेटांचा गव्हर्नर झाला. १७१० मध्ये तो वारला. सेंट जॉन पॅरिशमधले आपले दोन ऊसमळे त्याने मृत्युपत्रात एका मिशनरी संस्थेला दिले. तिथे विद्यालय काढावे, दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालनाचे व्रत घेतलेल्या लोकांनी ईश्वरज्ञान आणि वैद्यक शिकावे, अशी त्याची इच्छा होती. मळे अखंड चालावेत आणि त्यांवर निदान तीनशे गुलाम ठेवावेत, हेही त्यातच लिहिलेले. ती संस्था म्हणजे १७०१ मध्ये लंडनला स्थापन झालेली एस. पी. जी. अहमदनगर आणि कोल्हापूरच्या जुन्या मंडळ्यांतील लोकांना हे नाव नवे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच संस्थेचे मिशनरी त्या भागात आले; शाळा, दवाखाने, उपासनालये उभी राहिली. आपल्यातल्या कित्येक घराण्यांना अक्षरओळख याच मिशनच्या शाळांतून झाली.

तर अशा संस्थेच्या हाती मळे आले तेव्हा तिने काय केले? गुलाम मुक्त केले नाहीत. उलट, सुरुवातीच्या वर्षांत त्यांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने ‘सोसायटी’ हा इंग्रजी शब्द डागला जाई, पळून गेले तर कोणाची मालमत्ता आहे ते कळावे म्हणून. मरणारे इतके की नवी माणसे विकत घ्यावी लागत. संस्थेच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. सगळे डोळे मिटून बसले नव्हते. १७११ मध्ये बिशप फ्लीटवुड यांनी संस्थेच्याच वार्षिक सभेत उपदेश केला आणि गुलामांना ख्रिस्त शिकवलाच पाहिजे असे बजावले. १७८३ मध्ये बिशप बिल्बी पोर्टियस यांनी तसाच उपदेश करून मळ्यांवरची स्थिती सुधारण्याची योजना मांडली. संस्थेने ती बाजूला ठेवली. उसाचे उत्पन्न थांबू नये, ही चिंता लंडनच्या खोलीत बसलेल्या धार्मिक माणसांनाही होती.

पोर्टियस यांच्याविषयी थोडे थांबून सांगावेसे वाटते. त्यांना गुलामगिरीचा खरोखर तिटकारा होता. तरी त्यांनीच उभी केलेल्या दुसऱ्या संस्थेच्या नावाने १८०७ मध्ये लंडनला गुलामांसाठी पवित्र शास्त्राचे निवडक पुस्तक छापले गेले. त्यात योसेफ गुलाम म्हणून विकला गेला ती कथा आहे, पण मिसरातून सुटकेची कथा काढून टाकलेली आहे. दहा आज्ञा ठेवल्या, लाल समुद्र वगळला. कळवळा असलेला माणूसही भीतीपोटी देवाच्या वचनाला कशी कात्री लावतो, याचे याहून दुखरे उदाहरण आम्हाला माहीत नाही.

पण कात्री लावलेले पुस्तक हातात असो वा नसो, लोकांना सुटका कळत होती. १८१६ च्या ईस्टरच्या रात्री, १४ एप्रिलला, सेंट फिलिप पॅरिशमध्ये उसाची शेते पेटली. त्या उठावाचा पुढारी बुसा मानला जातो. उठाव चिरडला गेला, शेकडो माणसे मेली. सात वर्षांनी, ऑक्टोबर १८२३ मध्ये, ब्रिजटाउनचे मेथडिस्ट उपासनालय गोऱ्या जमावाने पाडले आणि मिशनरी श्रूजबरी यांना बेट सोडावे लागले. मंडळी मोडली असे वाटत असताना सारा अ‍ॅन गिल या स्वतंत्र, वर्णाने मिश्र असलेल्या विधवेने आपले घर उपासनेसाठी उघडले. धमक्या आल्या, सरकारी जाच झाला, पण दार बंद झाले नाही. १९९८ मध्ये बार्बाडोसने जे दहा राष्ट्रीय वीर जाहीर केले, त्यांत बुसाही आहे आणि साराबाईही. पाळक नाही, इमारत नाही, एका बाईचे घर आणि प्रार्थना; आपल्या खेड्यापाड्यांतल्या मंडळ्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही.

१८३४ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. त्या वेळी भरपाई मिळाली ती मालकांना. कॉड्रिंग्टनच्या ४११ गुलामांबद्दल एस. पी. जी. ला ८,८२३ पौंड, ८ शिलिंग, ९ पेन्स मिळाले. पेनीपर्यंतचा हिशेब! ज्यांनी राबून ती साखर केली त्यांना एक पेनीही नाही. उलट त्यांनी आणखी चार वर्षे ‘उमेदवार’ म्हणून त्याच मालकाकडे काम करायचे होते.

कॉड्रिंग्टन कॉलेज आजही चालू आहे. उंच ताडांची रांग, कमळांचे तळे, खाली अटलांटिक. कॅरिबियन बेटांवरचे अनेक काळे पाळक, बिशप तिथेच शिकले.

आता जेवणाकडे येऊ, कारण इतिहास ताटातही उतरतो. बार्बाडोसचे राष्ट्रीय जेवण म्हणजे कू-कू आणि उडणारे मासे. कू-कू म्हणजे मक्याचे पीठ भेंडीच्या पाण्यात घोटून केलेला मऊ गोळा. आपल्याकडच्या उकडीचीच आठवण व्हावी. खारवलेला मासा दूर उत्तरेच्या समुद्रातून येई, त्यातला हलका माल गुलामांच्या रेशनसाठी. आणि नाताळच्या ताटात असतो जग-जग. त्यात ज्वारीचे पीठ, ओले तुरीचे दाणे आणि खारवलेले मांस एकत्र शिजवतात. होय, ज्वारी आणि तूर! ज्वारीला तिथे ‘गिनी कॉर्न’ म्हणतात, आणि ती गुलामांच्या रोजच्या शिध्यात असे. ज्वारी मूळची आफ्रिकेची. ती आपल्या दख्खनच्या काळ्या मातीतही आली आणि त्या बेटावरही गेली. तूर मूळची आपल्या भारताची. ती आफ्रिकेला गेली आणि तिथून गुलामांच्या मार्गाने समुद्रापार. आपण रोज भाकरी आणि वरण म्हणून ज्यावर प्रभूचे आभार मानतो, तेच दाणे तिथे बेडीतल्या माणसांनी पेरले, आणि त्यांच्या मुलानातवंडांनी त्याचा नाताळचा सण केला.

फेब्रुवारी २००६ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनडने गुलामगिरीतील आपल्या वाट्याबद्दल माफी मागितली. त्या चर्चेत कॉड्रिंग्टनचे नाव आणि छातीवरचा तो डाग दोन्ही उच्चारले गेले. एस. पी. जी. चीच आजची संस्था यू. एस. पी. जी. हिने २०२३ मध्ये बार्बाडोससाठी सत्तर लाख पौंडांचे काम जाहीर केले. मळ्यांवर राबलेल्यांच्या वंशजांची वस्ती सुधारणे, त्यांच्या घराण्यांचा शोध लावणे आणि इतिहास शिकवणे हे त्यात आहे. आणखी एक काम आहे. त्या मळ्यांत ज्यांना खुणेशिवाय पुरले, त्यांच्या दफनाच्या जागा शोधायच्या आणि तिथे त्यांची आठवण उभी करायची.