याद्यांचा कागद

६ मे १९६१, शनिवार. दिल्लीचं ऊन मागे टाकून तुम्ही संसद भवनाच्या मध्यवर्ती सभागृहात येता आणि वरच्या सज्जात जागा धरता. डोक्यावर घुमट. तसबिरींमध्ये एक ओळखीचा चेहरा दिसतो, लोकमान्यांचा. गोपाळ देऊसकरांनी काढलेल्या या चित्राचं अनावरण नेहरूंनी १९५६ साली केलं. राज्यघटना संमत झाली ती याच सभागृहात. आज खाली लोकसभा आणि राज्यसभा, दोन्हींचे सभासद एकत्र बसलेत. एखाद्या विधेयकासाठी असं प्रथमच घडतंय आणि ते विधेयक आहे हुंड्याचं.

तुमच्या पिशवीत घरून आणलेला एक कागद आहे. धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या बैठकीत सुपारी फुटली, तेव्हा केलेल्या याद्या. वरदक्षिणा, मुलाला घड्याळ आणि अंगठी, विहिणीचा मानपान, वऱ्हाडाचं जाण्यायेण्याचं भाडं. वडिलांनी खाली सही केली तेव्हा त्यांचा हात किंचित थांबला होता, ते तुम्ही पाहिलंत. साऱ्या कागदात ‘हुंडा’ हा शब्द मात्र कुठेच नाही.

खाली वाद चाललाय तो नेमका याच गोष्टीचा: हुंडा म्हणायचं कशाला?

विधेयक लोकसभेत मांडलं गेलं २४ एप्रिल १९५९ रोजी. मग संयुक्त समितीनं ते तपासलं, लोकसभेनं मंजूर केलं, राज्यसभेनं त्यात दुरुस्त्या केल्या आणि त्यांपैकी काहींवर दोन्ही सभागृहांचं जुळेना. अशा वेळी घटनेचं १०८ वं कलम वाट दाखवतं. राष्ट्रपती दोन्ही सभागृहांना एकत्र बोलावतात, लोकसभेचे अध्यक्ष आसनावर बसतात आणि हजर राहून मत देणाऱ्यांचं बहुमत होईल तो निर्णय. आज आसनावर अनंतशयनम अय्यंगार आहेत. लोकसभेचे सभासद राज्यसभेच्या साधारण दुप्पट, त्यामुळे पारडं कुठे झुकू शकतं हे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

नेहरू बोलायला उभे राहतात. खोलवर रुजलेले सामाजिक प्रश्न एकट्या कायद्यानं सुटत नाहीत, पण कायदा हवाच, कारण लोकमताला त्यानं रेटा मिळतो, वळण लागतं, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही पिशवीतला कागद चाचपता.

मंगळवारी, ९ मे रोजी, बैठक पुन्हा भरते आणि विधेयक मंजूर होतं. २० मेला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद संमती देतात. १९६१ चा २८ वा अधिनियम, अंमल १ जुलैपासून. आता तो हातात घ्या आणि दुसरं कलम सावकाश वाचा. लग्नाचा मोबदला म्हणून ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ दिलेली वा द्यायची कबूल केलेली मालमत्ता म्हणजे हुंडा. छान. पण खाली एक स्पष्टीकरण आहे: लग्नाच्या वेळी दिलेली रोकड, दागिने, कपडे वा इतर वस्तू यांच्या भेटी हुंडा ठरणार नाहीत, त्या लग्नाचा मोबदला म्हणून दिल्या नसतील तर.

आता याद्यांचा कागद शेजारी ठेवा. घड्याळ? भेट. अंगठी? भेट. वरदक्षिणा? तीही भेटच म्हणतील. हा मोबदला होता हे कोर्टात कोण सिद्ध करणार? मुलीचा बाप? हुंडा देणाराही याच कायद्यानं गुन्हेगार आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गुन्हा अदखलपात्र, म्हणजे पोलीस आपणहून हात घालणार नाहीत. नुसती मागणी केल्याबद्दल खटला भरायचा तर आधी राज्य सरकारची परवानगी. माझ्या मते कायदा हरला तो या ठिकाणी, अमलात येण्याआधीच. दोन वर्षं शब्दांवर घासाघीस झाली आणि पळवाट शब्दांतच राहिली.

तेवीस वर्षं पुढे या. या काळात किती घरांतल्या स्टोव्हच्या भडक्यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या, ते तुम्हाला आठवत असेल. बायका मोर्चे घेऊन रस्त्यावर आल्या, संसदेनं पुन्हा समिती नेमली. १९८४ च्या दुरुस्तीनं ते स्पष्टीकरण काढून टाकलं. ‘मोबदला म्हणून’ हे शब्द जाऊन ‘लग्नाच्या संबंधात’ असे शब्द आले. मागणी न करता दिलेल्या भेटींना सूट राहिली, पण एका अटीवर: त्यांची यादी झाली पाहिजे.

२ ऑक्टोबर १९८५ पासून तसे नियमच आहेत. वधूला मिळालेल्या भेटींची यादी वधूनं ठेवायची, वराला मिळालेल्यांची वरानं. प्रत्येक वस्तूचं थोडक्यात वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव, नातं असल्यास नातं, आणि खाली दोघांच्या सह्या. बैठकीतल्या याद्यांवर बापाची सही असे; या यादीवर मुलीची आहे. तुमच्या घरात पुढचं लग्न ठरेल तेव्हा ही यादी करा आणि तिची एक प्रत मुलीजवळ राहू द्या.