मांडावरची आठवण

स्मरणशक्ती म्हटली की आपल्याला धान्याचे कोठार आठवते. आत भरून ठेवायचे आणि हवे तेव्हा काढायचे. मानसशास्त्राला मात्र हे मान्य नाही. फ्रेडरिक बार्टलेट या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली दाखवून दिले की माणूस ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी परत सांगत नाही. तो ती आपल्या ओळखीच्या चौकटीत बसवून दरवेळी नव्याने रचतो. गोमंतकाचा, त्यातही डिचोली आणि पेडणे महालांचा इतिहास समजून घ्यायचा तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. कारण या इतिहासाचा मोठा भाग कागदावर नाही, माणसांच्या आठवणीत आहे.

सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी या जुन्या काबिजादींत देवळे पाडली गेली. लोकांनी देव नदीपार नेले. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर डिचोलीतल्या नार्वे येथे आला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली केला आणि त्याचा शिलालेख आजही आहे. आज मांडवीच्या फाट्याच्या दोन्ही तीरांवर नार्वे नावाचे गाव आहे.

एंडेल टुल्विंग यांनी १९७२ साली स्मृतीचे दोन प्रकार वेगळे केले. स्वतः अनुभवलेल्या घटनेची ती प्रसंगस्मृती आणि 'हे असे आहे' एवढेच ज्ञान ती अर्थस्मृती. ज्यांनी देव नदीपार नेला त्यांची भीती, घाई, अश्रू ही प्रसंगस्मृती होती. ती त्यांच्याबरोबर संपली. नातवंडांपर्यंत पोचले ते एकच वाक्य, 'आमचा देव मूळचा पैलतीरचा'. प्रसंग गेला, अर्थ उरला. समाजाची स्मृती बहुधा अशीच चालते.

सात बहिणींची कथा पाहा. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजीची मोरजाई, म्हापशाची मिराबाई आणि त्यांचा भाऊ खेतोबा. गावोगावी तपशील बदलतो, नावांचा क्रमही बदलतो. बार्टलेटना याचे नवल वाटले नसते. पण म्हापशाची मिराबाई म्हणजेच मिलाग्रिस सायबीण, हे सांगायला कोणी विसरत नाही. तिच्या फेस्ताला हिंदूही जातात आणि शिरगावच्या जत्रेत बहिणीचे नाते सांगितले जाते. इतिहासकाराला या कथेत तारीखवार घटना सापडणार नाही. परंतु धर्म बदलला तरी नाते तुटू द्यायचे नाही, हा लोकांचा निश्चय तिच्यात स्पष्ट दिसतो. दफ्तरखान्यात तो कुठे मिळणार?

स्मृतीचा आणखी एक प्रकार आहे, हातापायांचा. अमेरिकेत १९५३ साली हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूवर शस्त्रक्रिया झाली आणि नवे काही लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती गेली. तरीही आरशात पाहून आकृती गिरवण्याचे काम तो दिवसेंदिवस अधिक सफाईने करू लागला. ते आपण पूर्वी केले आहे, हे मात्र त्याला आठवत नसे! कौशल्याची स्मृती वेगळीच असते ती अशी. शिगम्यातला ढोल, फुगडीचे पाऊल, सालच्या गड्यांची धाव यांत तीच काम करते.

पेडण्यात जत्रेच्या रात्री रंगणाऱ्या दशावताराचेही तसेच. परंपरेने त्याला लिखित संहिता नसते. कथानक ठरते आणि संवाद रंगमंचावरच जुळतात. वेद पळवणारा संकासुर त्यात येतो तो उगीच नव्हे. पाठांतरावर जगणाऱ्या समाजाला ठेवा चोरीला जाण्याचे भय वाटणारच.

आता धालोकडे येऊ. पौषातल्या रात्री बायका मांडावर समोरासमोर दोन ओळींत उभ्या राहतात. घरी बसून गाणे सांगायला लावले तर 'आठवना गो' म्हणणारी आजी मांडावर ओळीत उभी राहिली की अडखळत नाही. यामागेही कारण आहे. गॉडन आणि बॅडली यांनी १९७५ साली पाणबुड्यांना काही शब्द पाण्याखाली व काही जमिनीवर पाठ करायला दिले. जिथे पाठ केले तिथेच ते जास्त आठवले. जागा ही स्मृतीची किल्ली असते.

म्हणूनच चिंता वाटते. शिरगाव, मये, मुळगाव या परिसराने खाणी पाहिल्या. डोंगर खचले, शेते मातीखाली गेली. मोपाच्या सड्यावर २०२३ च्या जानेवारीपासून विमाने उतरू लागली. विकास नको असे कोण म्हणेल? पण सडा, तळी, पाणंद, मांड यांची नावे गेली की त्यांना बांधलेली गाणीही सुटतात. लोकगीतांचे संकलन करणाऱ्यांनी मोठे काम केले आहे. परंतु ध्वनिमुद्रणात शब्द राहतात, ओळ राहत नाही, समोरची बाई राहत नाही.

तेव्हा एवढेच सुचवावेसे वाटते. आजीचे गाणे टिपायचे असेल तर तिला मांडावर घेऊन चला, आणि शेजारी नातीला उभी करा. नातीला सगळे शब्द कळणार नाहीत, काही ती बदलेलही. बदलू द्या. आजीनेही तिच्या आजीचे काही शब्द बदललेच असतील.