मावळचे तिघे आणि मागे राहिलेली घरं

हे मागच्या भागाचं लिखित रूप. बोलताना अडखळलो ते गाळलंय, बाकी तसंच ठेवलंय.

पुण्याहून मुंबईला एक्स्प्रेसवेनं निघालात की तळेगाव मागे पडल्यावर, कामशेतच्या अलीकडे बऊर नावाचं गाव लागतं. लागतं म्हणजे काय, शंभरच्या स्पीडला ते दिसतही नाही. ९ ऑगस्ट २०११ ला, क्रांतिदिनी, याच भागात पवन मावळातले शेतकरी एक्स्प्रेसवेवर उतरले. रस्ता अडला, लाठीमार झाला, अश्रुधूर झाला आणि मग पोलिसांनी गोळ्या चालवल्या. तीन जण गेले. येळसेच्या कांताबाई ठाकर, शिवण्याचे मोरेश्वर साठे, सडवलीचे श्यामराव तुपे.

गोळीबाराची दृश्यं त्या संध्याकाळी टीव्हीवर सगळ्या महाराष्ट्रानं पाहिली. त्यावर पुढे पुष्कळ बोललं गेलं, अजूनही निवडणूक आली की बोललं जातं. आजचा विषय त्याच्या पुढचा आहे. १० ऑगस्टला आणि त्यानंतरच्या वर्षांत त्या तीन घरांच्या पाठीशी कोण उभं राहिलं, आणि उभं राहणं म्हणजे नेमकं काय?

आधी भांडण कशाचं होतं ते समजून घेऊ, कारण पिंपरी-चिंचवडमध्ये नळ उघडणाऱ्या बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं. पवना धरण सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला उभं राहिलं. त्याच सुमारास खाली शहर वाढत होतं. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० ची, महानगरपालिका १९८२ ची. कारखाने आले, कामगार आले, चाळी आल्या, नंतर सोसायट्या आल्या. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १७ लाखांच्या वर गेली. या शहराचं पाणी धरणातून नदीत सोडतात. ते नदीतून वाहत खाली येतं आणि रावेतच्या बंधाऱ्याजवळ पालिका ते उचलते. म्हणजे धरण ते रावेत या टप्प्यात नदी वाहती राहते. काठची गावं त्याच पाण्यावर मोटारी लावतात, विहिरींना पाझर राहतो.

महापालिकेची योजना अशी होती की धरणापासून थेट निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रापर्यंत बंद पाइपमधून पाणी आणायचं. केंद्राच्या जेएनएनयूआरएम योजनेतून पैसा मिळणार होता. शहराच्या बाजूनं बघितलं तर कारण पटण्यासारखं होतं : गळती कमी, वाटेतलं प्रदूषण नाही. गावाच्या बाजूनं बघितलं तर प्रश्न साधा होता. पाणी पाइपात गेलं की नदीत काय उरणार?

यात आणखी एक जुनी जखम होती. धरणात जमीन गेलेले खातेदार १,२०३. त्यातल्या ३४० जणांना पर्यायी जमीन मिळाली. ८६३ जण राहिले, आणि राहिलेच. पुनर्वसनाचा राज्याचा पहिला कायदा १९७६ चा. धरण त्याच्या आधीचं. म्हणजे कायदा यायच्या आधीच यांची जमीन पाण्याखाली गेली होती. त्यामुळे २०११ साली आंदोलनात दोन पिढ्यांचं दुखणं एकत्र आलं होतं : वरचे, ज्यांचं शेत बुडालं ते, आणि खालचे, ज्यांचं शेत सुकेल अशी भीती होती ते.

आता त्या घरांकडे येऊ.

आपल्याकडे माणूस गेला की त्या घरात चूल पेटत नाही. भावकी, शेजारी भाकरी-पिठलं घेऊन येतात, सगळ्यांना बळंच दोन घास खायला लावतात. त्याला कडू घास म्हणतात. मला हा शब्द फार नेमका वाटतो. सांत्वनाचं भाषण नाही, काही नाही. जेव म्हणायचं. दहाव्यापर्यंत गाव हे सगळं न सांगता करतं. आणि ऑगस्ट म्हणजे मावळात भाताचा हंगाम. लावणी उरकत आलेली असते, बेणणी समोर असते, घरातलं माणूस गेलं म्हणून भात थांबत नाही. अशा वेळी ज्याचं काम अडलंय त्याच्या खाचरात चार घरांनी उतरायचं, ही इर्जिकीची रीत या पट्ट्यात जुनी आहे.

पण आंदोलनात गेलेल्या माणसाच्या घरी दहाव्यानंतर आणखी एक गर्दी सुरू होते. नेते येतात. कॅमेरे येतात. मदतीचा धनादेश येतो. चौकशी आयोग नेमला जातो, मावळात तो निवृत्त न्यायमूर्ती एम. जी. गायकवाड यांचा होता. सोबतच्या आंदोलकांवर गुन्हे दाखल होतात, ते मागे घ्या म्हणून वर्षानुवर्षं मागणी करावी लागते. इथेही करावी लागली, मग सरकारनं ते मागे घ्यायचं ठरवलं.

आणि नोकरी येते. इथेच खरी गाठ आहे. तिघांच्या वारसांना नोकरी मिळाली ती पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत. हो, तीच महापालिका, जिच्या पाइपलाइनविरुद्ध आंदोलन होतं.

मी हे जेव्हा कुणाला सांगतो तेव्हा दोन प्रतिक्रिया येतात. एक : अरे, बरं झालं, घर तरी उभं राहिलं. दुसरी, जरा आवाज खाली करून : मग काय, मॅनेज झाले म्हणायचे. दुसऱ्या प्रतिक्रियेचा मला राग येतो, तो का ते सांगतो. कमावतं किंवा घर चालवणारं माणूस गेलंय. सरकार एक पगार देऊ करतंय. तो नाकारायचा आणि आयुष्यभर आंदोलनाचा झेंडा धरून बसायचं, ही अपेक्षा आपण बोलणारे कशाच्या जोरावर करतो? ज्या घरानं एक माणूस दिलाय त्यानंच मागणीचं ओझंही वाहायचं, हा हिशेब उलटा आहे. नोकरी घेणं हा त्या घराचा हक्क. गप्प बसणं हाही हक्क. मागणी जिवंत ठेवायचं काम उरलेल्या गावाचं.

हे नुसतं तत्त्व नाही, इतिहासात घडलेलं आहे. घाट उतरून उरणला चला. नवी मुंबईसाठी १९७० पासून ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली तिथले शेतकरी रस्त्यावर आले. १६ आणि १७ जानेवारी अशा दोन दिवसांच्या गोळीबारात पाच जण गेले. नामदेव घरत, रघुनाथ ठाकूर, केशव पाटील, महादेव पाटील आणि कमळाकर तांडेल. जासई-पागोटे भागात आजही दरवर्षी या दोन तारखांना लोक जमतात, आगरी-कोळी गावांतून माणसं येतात.

पण जमणं एवढंच झालं नाही. त्या आंदोलनातून साडेबारा टक्क्यांचं तत्त्व पुढे आलं : ज्याची जमीन घेतली त्याला विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा परत. १९९० मध्ये ते नवी मुंबईसाठी शासनाचं धोरण झालं. अंमलबजावणीत किती भानगडी झाल्या तो एक वेगळा, लांबलचक भाग होईल. तरी फरक बघा. पाच जणांच्या मरणाचं मोल पाच घरांपुरतं मोजून फाइल बंद झाली नाही. जमीन गेलेल्या सगळ्यांना लागू होणारा नियम त्यातून निघाला. आणि तसा नियम झाला की त्या पाच घरांना दर वेळी पुढे येऊन रडून दाखवावं लागत नाही.

कधीकधी तर पाठीशी उभं राहायला गावच शिल्लक राहत नाही. १९ नोव्हेंबर १९९३, तेव्हाचा धुळे जिल्हा, आताचा नंदुरबार. नर्मदेच्या बुडिताचा सर्व्हे करायला पथक चिंचखेडीला गेलं. आदिवासींनी विरोध केला, पोलिसांनी गोळी चालवली, रेहमल पुन्या वसावे हा १५ वर्षांचा मुलगा गेला. ज्या डोंगरातल्या पाड्यांनी त्याच्या आईबापाला धीर द्यायचा, तेच पाडे सरदार सरोवराच्या नकाशावर होते. विस्थापनात माणूस गेला तर कडू घास आणणारी भावकीच दहा दिशांना पांगते. शहरातल्या आपल्यासारख्यांना हे चटकन लक्षात येत नाही.

परत मावळात येऊ. गोळीबारानंतर पाइपलाइनच्या कामाला स्थगिती मिळाली. पाइप आणून ठेवले होते, ते पडून राहिले. २०२३ मध्ये सरकारनं स्थगिती उठवली आणि मावळात पुन्हा विरोध सुरू झाला. त्या घरांचा विचार करा. एकीकडे पालिकेची नोकरी, दुसरीकडे पालिकेचीच पाइपलाइन, आणि ९ ऑगस्टला व्यासपीठावर शेजारी बसायला सगळ्या पक्षांची मंडळी. पत्रकार फोन करून विचारणार, तुमची भूमिका काय? मला वाटतं अशा वेळी गावातल्या चार जाणत्यांनी पुढे होऊन म्हणायला हवं, त्यांना नका विचारू, आम्हाला विचारा.

एक कागदी गोष्ट राहिली, कंटाळवाणी आहे पण सर्वांत उपयोगाची. धरणग्रस्ताचा हक्क खातेदाराच्या नावावर असतो. खातेदार वारला की वारस नोंद करावी लागते : मृत्यूचा दाखला, तलाठ्याकडे अर्ज, फेरफार. पवनेच्या ८६३ जणांपैकी कितीतरी खातेदार आज हयात नाहीत. पन्नास वर्षांत एका नावाची पाच नावं होतात, त्यातली दोन मुंबईत, एक सासरी. नोंद राहिली की हक्क कुणाचा हेच ठरत नाही, आणि सरकारलाही विलंबाला आयतं कारण मिळतं. ज्याला ऑनलाइन सातबारा काढता येतो आणि तहसील कचेरीत दोन चकरा मारायला वेळ आहे, असा एक मुलगा प्रत्येक वाडीत असतो. कदाचित आत्ता इयरफोन लावून हेच ऐकतोय. दुःखात असलेल्या घराला, महिना-दोन महिने गेल्यावर, त्याची गरज हार घेऊन येणाऱ्यांपेक्षा जास्त असते. घरात प्रकल्पग्रस्ताचा दाखला असेल तर तोही कुणाच्या नावावर आहे ते बघा. सरकारी नोकरीतलं पाच टक्के आरक्षण त्यावरच मिळतं.

चाकणच्या बाजूचे श्रोते विचारतात, भामा आसखेडवर कधी बोलणार? बोलणार. पण त्याआधी शंभर वर्षं मागे जाऊ. १९२१, रामनवमी, मुळशी पेटा. टाटांचं धरण, विनायकराव भुस्कुटे आणि सेनापती बापट. सत्याग्रही तुरुंगात गेले तेव्हा मागे घरं कोणी चालवली, तिथून सुरू करू. भेटू पुढच्या भागात.