रडर पेडल (घरगुती फ्लाइट सिम्युलेटरसाठी)

रडर पेडल : विमानाच्या उभ्या शेपटाला मागच्या कडेने बिजागरीवर जोडलेला रडर, म्हणजेच सुकाणू, पायांनी फिरवण्याचे साधन. डावे पेडल पुढे दाबले की उजवे मागे येते, रडर डावीकडे झुकतो आणि विमानाचे नाक डावीकडे वळते. घरच्या संगणकावर उड्डाणाचा सराव करणाऱ्यांना ही जोडी यूएसबी केबलसह, जमिनीवर ठेवण्याच्या बैठकीवर बसवलेली मिळते. जॉयस्टिक आणि थ्रॉटल घेऊन झाल्यावर बहुतेक जण तिच्याकडे वळतात. खोक्यावर ठळक छापलेले आकडे सेन्सरचे असतात. पायांना मात्र दोनच गोष्टी आधी जाणवतात. पेडल मधल्या जागेतून किती अलगद सुटते आणि जोर दिल्यावर बैठक जागेवर राहते की सरकते. निवडीची सुरुवात इथूनच करावी.

रडरचे काम : विमान वळते ते पंख कलवून. रडर नाकाला त्या वळणाशी जुळवून ठेवतो. राइट बंधूंना हे १९०२ च्या ग्लायडरवर उमगले. पंख पिळून विमान कलवले की वर उचललेल्या पंखावरचा हवेचा विरोध वाढे आणि नाक नको त्या बाजूला जाई. शेपटाचे स्थिर उभे पडदे काढून त्यांनी हलता रडर बसवला, तो पंखांच्या पिळाशी जोडला आणि १९०५ मध्ये तो पुन्हा वेगळा करून वैमानिकाच्या स्वतंत्र ताब्यात दिला. हातात दांडी आणि पायाखाली रडर ही आजची मांडणी रूढ झाली ती फ्रान्सच्या लुई ब्लेरिओच्या विमानांमुळे. २५ जुलै १९०९ रोजी त्याने इंग्लिश खाडी ओलांडली तीही याच मांडणीने.

एका इंजिनाच्या पंख्याच्या विमानात पायांना आणखी एक काम असते. पंखा वैमानिकाच्या जागेवरून पाहता घड्याळाच्या दिशेने फिरत असेल, तर पूर्ण शक्ती देताच नाक डावीकडे ओढले जाते आणि उजवा पाय लावून ते धरावे लागते. मर्लिन इंजिनाच्या स्पिटफायरमध्येही तसेच. नंतरच्या ग्रिफन इंजिनाचा पंखा उलटा फिरे, म्हणून तिथे डावा पाय. सिम्युलेटरमध्ये हा फरक हुबेहूब उतरतो. अशी विमाने धावपट्टीबाहेर जाऊन उलटतात तेव्हा दोष बहुधा रिकाम्या बसलेल्या पायांचाच असतो.

पिळणारी दांडी की पेडल : अनेक जॉयस्टिकची दांडी स्वतःभोवती पिळता येते आणि तो पीळ रडरला लावता येतो. सुरुवातीला तेवढे पुरते. कुठे कमी पडते, ते जुहूच्या धावपट्टीवर सेसना १७२ उतरवताना दिसते. धावपट्टी २६ म्हणजे सुमारे २६० अंशांची दिशा. पावसाळी नैर्ऋत्य वारा २२० अंशांवरून १५ नॉटने येतो असे सिम्युलेटरमध्ये ठरवले, तर दोन दिशांमधला कोन ४० अंशांचा होतो आणि आडव्या वाऱ्याचा वाटा साडेनऊ नॉटच्या आसपास येतो. सेसना १७२एस साठी कंपनीने प्रत्यक्ष उतरवून दाखवलेला कमाल आडवा वारा १५ नॉटचा आहे, म्हणजे हा वारा तिच्या आवाक्यातला. विमान नाक डावीकडे वाऱ्यात घालून तिरके येते. चाके टेकण्याआधी उजवे पेडल दाबून नाक धावपट्टीला सरळ करायचे आणि त्याच वेळी दांडी डावीकडे झुकवून डावा पंख किंचित खाली धरायचा, नाहीतर वारा विमानाला उजवीकडे वाहून नेतो. वेग उतरत जातो तसा रडरचा जोर कमी होतो आणि पाय आणखी पुढे न्यावा लागतो. पिळणाऱ्या दांडीने हे करायचे तर मनगट डावीकडे झुकवून त्याच मनगटाने दांडी उजवीकडे पिळायची. एक हालचाल दुसरीला बिघडवते. हात आणि पाय वेगळे असले की दोन्ही कामे सुटी राहतात, आणि पेडलसाठी पैसे खर्च करण्याचे याहून मोठे कारण नाही.

कोणत्या विमानासाठी : ए३२० सारखे प्रवासी विमान उडवणाऱ्याला हवेत पेडलला सहसा हात, किंवा पाय, लावावा लागत नाही, वळणे जुळवण्याचे काम विमानाची यंत्रणाच करते. उड्डाणाची धाव, आडव्या वाऱ्यातले उतरणे आणि एक इंजिन बंद पडणे एवढ्याच वेळा पाय लागतात. जमिनीवर पुढचे चाक हाताच्या वेगळ्या चाकाने ७५ अंशांपर्यंत वळते. पेडलने वळते ते फक्त ६ अंश. ग्लायडरमध्ये परिस्थिती नेमकी उलट. पंख लांब असल्याने प्रत्येक कलासोबत पाय चालवावा लागतो आणि काचेवर चिकटवलेला लोकरीचा धागा मधे ठेवण्यातच निम्मे कौशल्य असते. शेपटाखाली चाक असलेली जुनी विमानेही पायांना उसंत देत नाहीत.

हेलिकॉप्टरची गोष्ट वेगळी. तिथे पेडल शेपटाच्या पंख्याचा जोर कमीजास्त करतात आणि सरळ उडतानाही ते मधोमध असतीलच असे नाही. यूएच-१ ह्यूईत शक्ती वाढवली की डावा पाय लागतो. मुख्य पंखा उलट दिशेने फिरणाऱ्या एमआय-१७ किंवा चेतकमध्ये उजवा. मधे ओढून आणणारी स्प्रिंग इथे अडथळा ठरते, कारण तिच्याशी झुंजत पाय तासभर एका बाजूला धरून ठेवावा लागतो. ज्याला प्रामुख्याने हेलिकॉप्टरच उडवायचे आहे त्याने स्प्रिंग काढता येईल आणि तिच्या जागी डॅम्पर बसवता येईल अशीच जोडी पाहावी. डॅम्पर पायाला मागे ओढत नाही, फक्त हालचाल संथ करतो.

मधली जागा : खऱ्या विमानातही पेडल जागचे हलवायला थोडा जोर लागतो. हा सुटण्याचा जोर आणि टोकापर्यंत नेण्याचा जोर यांत पुरेसे अंतर असावे लागते. नसले तर काय होते याचे दारुण उदाहरण म्हणजे १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेले अमेरिकन एअरलाइन्सचे ५८७ क्रमांकाचे उड्डाण. एअरबस ए३००-६०० विमान पुढच्या विमानामागच्या हवेच्या भोवऱ्यात शिरले, सहवैमानिकाने पेडल आलटूनपालटून टोकाला नेले आणि उभे शेपूट तुटले. विमानातील २६० आणि जमिनीवरील ५ जण मृत्युमुखी पडले. अमेरिकेच्या राष्ट्रीय परिवहन सुरक्षा मंडळाने रडरचा अनावश्यक, अतिरेकी वापर हे कारण ठरवले, पण रडर-यंत्रणेची रचना आणि वैमानिकांना मिळालेले प्रशिक्षण यांनी त्याला हातभार लावल्याचेही नोंदवले. त्या विमानात पेडल हलायलाच सुमारे १० किलो जोर लागे, आणि २५० नॉट वेगाला साधारण साडेचौदा किलो जोरात, जेमतेम ३ सेंटिमीटर सरकून ते टोकाला भिडे. थोडेसे देणे पायाला जवळपास अशक्यच होते.

घरच्या पेडलमध्ये जीव धोक्यात नसतो, पण पायाची अडचण त्याच जातीची असते. स्वस्त जोड्यांत मधोमध खाच असते. पाय जोर वाढवत नेतो, काहीच हलत नाही आणि मग पेडल एकदम सुटून नको तितके पुढे जाते. धावपट्टीवर विमान डावी-उजवीकडे नागमोडी धावते ते यामुळे. दुकानात किंवा मित्राकडे जोडी हाताळायला मिळाली तर पूर्ण दाबून पाहण्यात वेळ घालवू नये. अंगठ्याच्या मुळाशी पायाचा जो उंचवटा असतो त्याने बोटभर सरकवावे, परत आणावे, दुसरीकडे सरकवावे. मध्य ओलांडताना टक असा धक्का जाणवला तर ती जोडी नाजूक कामाची नाही. क्रोएशियात बनणाऱ्या एमएफजी क्रॉसविंडला जाणकार मान देतात तो याच जागेसाठी: तिच्यात वेगवेगळ्या आकारांचे, बदलता येणारे कॅम (पेडलचा प्रतिकार ठरवणाऱ्या वक्र चकत्या) आहेत आणि मधला प्रतिकार हवा तसा ठेवता येतो. थ्रस्टमास्टरच्या टीपीआरमध्ये पेडल वरून लोलकासारखे टांगलेले असल्याने मध्य ओलांडणे सहज होते. त्याच कंपनीची स्वस्त टीएफआरपी जोडी रुळांवर सरकते. ती हलकी आहे, पण दोन पेडलमधले अंतर इतके कमी की उंच माणसाचे गुडघे एकमेकांना लागतात. लॉजिटेकची जोडी मूळची सायटेकची. २०१६ मध्ये लॉजिटेकने सायटेक विकत घेतली. या जोडीत पेडलमध्ये अंतर मोकळे आहे आणि स्प्रिंगचा ताण गोल खटक्याने बदलता येतो.

टो-ब्रेक : पेडलचा वरचा भाग बोटांनी पुढे झुकवला की त्या बाजूच्या चाकाला ब्रेक लागतो. टाच जमिनीवर टेकवून रडर आणि पाऊल वर सरकवून ब्रेक, ही सवय पहिल्याच दिवसापासून लावावी. नाहीतर उड्डाणाच्या धावेतच नकळत ब्रेक लागत राहतात. सेसना १७२ मध्ये पेडलने पुढचे चाक सुमारे १० अंश वळते आणि एका बाजूचा ब्रेक लावून ३० अंशांपर्यंत, त्यामुळे तिच्यासाठी टो-ब्रेक हवेतच. सर्वांनाच ते लागतात असे मात्र नाही. स्पिटफायर आणि मिग-२१ यांचे ब्रेक दांडीवरच्या खटक्याने लागत आणि कोणत्या चाकाला किती, ते रडर पेडलच्या स्थितीवरून ठरे. डीसीएस वर्ल्ड या सिम्युलेटरमध्ये मिग-२१ उडवणाऱ्याला व्हीकेबीची टो-ब्रेक नसलेली टी-रडर पुरते, आणि भाग कमी असल्याने ती टिकतेही.

सेन्सर : पोटेन्शिओमीटरमध्ये कार्बनच्या पट्टीवर धातूची जीभ घासत फिरते. धूळ गेली किंवा पट्टी झिजली की पाय स्थिर असतानाही रडर थरथरतो. हॉल सेन्सरमध्ये चुंबक आणि सेन्सर एकमेकांना शिवत नाहीत. एडविन हॉलने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर हा सेन्सर चालतो आणि वर्षानुवर्षे तसाच राहतो. रस्त्याकडेच्या, खिडक्या उघड्या असणाऱ्या घरांत हॉलच घ्यावा. १२ बिट म्हणजे ४,०९६ पायऱ्या की १६ बिट म्हणजे ६५,५३६, यावर मात्र जीव टाकू नये. पायाला तो फरक कळत नाही. जुनी जोडी घेताना विंडोजमधील गेम कंट्रोलरच्या चाचणीत पेडल अगदी हळू सरकवून पाहावे. पडद्यावरची पट्टी उड्या मारत असेल तर पोटेन्शिओमीटर गेलेला आहे.

बैठक : गुळगुळीत टाइल्सच्या फरशीवर पेडल पुढे आणि चाकांची खुर्ची मागे पळते, मग महागडी जोडीही निरुपयोगी होते. खुर्चीची चाके काढून टाकावीत. पेडल १८ मिमी प्लायवूडच्या फळीवर स्क्रूने बसवावे, फळी भिंतीला टेकवावी किंवा तिच्या खुर्चीकडच्या टोकाला आडवी पट्टी ठोकून खुर्चीचे पुढचे पाय तिला अडकवावेत. कोणताही सुतार हे काम तासाभरात करतो. गुडघा पूर्ण सरळ होऊ देऊ नये. पेडल टोकाला गेले तरी त्यात थोडा बाक उरला पाहिजे.

जोडणी : केबल शक्यतो थेट संगणकाला लावावी. सिम्युलेटरमध्ये सर्वप्रथम जॉयस्टिकच्या पिळाची रडरशी असलेली जोडणी काढावी, नाहीतर दोन साधने एकाच रडरवर भांडतात. विमान पूर्ण शक्ती देऊनही हलत नसेल तर बहुधा ब्रेकचे अक्ष उलटे लागलेले असतात. सेटिंगमध्ये ते फिरवावेत. डेडझोन, म्हणजे मध्याजवळची हालचाल मोजलीच जात नाही ती जागा, शून्यापासून सुरू करून पाय न लावता रडर स्थिर राहील इतपतच वाढवावा. कर्व्ह, म्हणजे पायाच्या हालचालीला रडर किती प्रतिसाद देतो ते ठरवणारी रेषा, मधे थोडा मऊ केला तर खाचेचा त्रास कमी होतो, पण फार मऊ केल्यास आडव्या वाऱ्यात पाय अर्धा पुढे जाऊनही नाक हलत नाही. चाचणी म्हणून विमान धावपट्टीच्या मधल्या रेषेवर उभे करावे, निम्मी शक्ती द्यावी आणि पुढचे चाक रेषेवर ठेवत धावावे. रेषा सुटत असेल तर कर्व्ह एकेक पायरी बदलत पुन्हा धावावे.